गवतात अंडी घालणारा मासा

सप्टेंबर-ऑक्टोबरात इथल्या मासळीच्या दुकानांत 'व्हाइटबेट' येते. बोटभर लांबीचे, काचेसारखे आरपार दिसणारे, शेवयांसारखे बारीक मासे. किवी मंडळी ते फेटलेल्या अंड्यात कालवून तव्यावर घालतात, म्हणजे आपल्या ऑम्लेटचा चुलतभाऊच. भाव मात्र किलोला शंभर डॉलरच्याही पुढे जातो. २०२२ पासून ते पकडण्याचा हंगाम १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर एवढाच आहे, साधारण आपल्या गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा.

व्हाइटबेट ही माशाची एक जात नव्हे. इनंगा, कोआरो आणि तीन प्रकारचे कोकोपू अशा मुख्यतः पाच जातींची ही पिल्ले असतात. त्यांच्या प्रजातीचे (जीनसचे) शास्त्रीय नाव गॅलॅक्सियस. मोठ्या कोकोपूच्या अंगावर चांदण्यांसारखे ठिपके असतात, म्हणून आकाशगंगेवरून हे नाव पडले. जाळ्यात सर्वांत जास्त सापडतो तो इनंगा. थव्याने राहणारा हा मासा मोठा झाला तरी जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो.

इनंगाचे पंचांग आपल्यासारखेच चंद्रावर चालते. शरद ऋतूत, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला नदीचे पाणी काठावरच्या गवतात चढते. तेव्हा मादी त्या गवताच्या बुडाशी अंडी घालते. पाणी ओसरते आणि अंडी मागे राहतात. पाण्याबाहेर, फक्त गवताच्या ओलाव्यावर, दोन ते चार आठवडे! पुढचे मोठे उधाण आले की ती फुटतात आणि पिल्ले समुद्रात वाहून जातात. सुमारे सहा महिन्यांनी, वसंतात, तीच पिल्ले थव्यांनी नदीत परततात. बहुतेकांचे आयुष्य अवघे एक वर्षाचे.

म्हणूनच या माशाला नुसते स्वच्छ पाणी पुरत नाही. काठावरचे गवत कापले किंवा गुरांनी तुडवले, की अंडी उन्हात सुकून जातात. कोआरो ओल्या खडकावरून सरसर चढतो. इनंगाला ते जमत नाही. रस्त्याखालच्या पाइपाचे तोंड ओढ्यापासून थोडे जरी उंच राहिले, तरी त्याची वाट तिथेच संपते. त्यात न्यूझीलंडमधल्या सुमारे नव्वद टक्के पाणथळ जागा आतापर्यंत नाहीशा झाल्या आहेत. इनंगाची नोंद आज 'संख्या घटत असलेल्या' जातींमध्ये होते.

आपल्या कोकणातही पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यांतून उलटे शेतांकडे चढतात. कुणी त्यांना चढणीचे मासे म्हणते, तर रायगडाकडे वळगणीचे. त्यांच्या पोटात अंडी असतात. तिथे जाळ्यात आई सापडते, इथे बाळ. दोन्हीकडे प्रश्न एकच: पुढच्या वर्षासाठी किती शिल्लक ठेवायचे?

मनुरेवात हा विषय आपल्या दारापर्यंत येतो. पाहुणे आले की आपण त्यांना ज्या बोटॅनिक गार्डन्समध्ये नेतो, तिथूनच पुहिनुई ओढा वाहतो आणि पुढे मनुकाऊ बंदराला मिळतो. रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारे पावसाचे पाणी बहुतेक ठिकाणी कुठलीही प्रक्रिया न होता अशाच ओढ्यांत पोहोचते. ड्राइव्हवेवर गाडी धुतली तर साबणही त्याच वाटेने जातो. त्यापेक्षा गाडी हिरवळीवर धुवावी. पाणी मातीत मुरते. घरामागे ओढा असेल तर काठाची पट्टी कापू नये, निदान उन्हाळा संपता-संपता आणि शरदात तरी. मुलांना ओढ्याकाठी नेलेत तर पाण्याइतकेच गवताकडेही बोट दाखवा.

आणि दिवाळी झाल्यावर दारातली रांगोळी पाइपच्या पाण्याने धुऊ नका. आपल्या आज्या करायच्या तशी केरसुणीने गोळा करा आणि कचऱ्याच्या डब्यात टाका. त्या दिवसांत इनंगाची पिल्ले नुकतीच ओढ्यात आलेली असतात.