मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, ते बोटीने. त्या काळी या प्रवासाला आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत मुंबईहून लंडनला गेले. आज विमान मध्ये कोठेही न थांबता साडेनऊ-दहा तासांत पोहोचते. आपल्या वस्तीतील मुले-मुलीही आता हा प्रवास करू लागली आहेत. म्हणून त्याचे गणित समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

मुंबई-लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० कि.मी. आहे. ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो उत्तरेकडे झुकून जॉर्जिया देशावरून जाताना दिसेल. हाच सर्वांत जवळचा मार्ग होय.

विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी. धरला तर ८ तास पुरेसे वाटतात. मग जास्त वेळ का लागतो? एक कारण वाऱ्याचे. दहा-अकरा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समोरून ताशी १०० कि.मी. वारा असेल तर विमान तासाला ८०० कि.मी.च पुढे सरकते आणि ९ तास लागतात. परत येताना तोच वारा मागून ढकलतो व वेळ वाचतो. दुसरे कारण मार्गाचे. युद्ध वा राजकीय तणावामुळे एखाद्या देशाची हवाई हद्द बंद झाली की वळसा पडतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये व पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये आपली हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून युरोपकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबून जावे लागले. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे हा वेळ वेगळाच.

तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते साडेचार तास मागे असते. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले व साडेनऊ तास उडाले. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजतील, पण लंडनला संध्याकाळचे ६ वाजलेले असतील. कागदावर प्रवास चारच तासांचा दिसेल!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याच्या तिकिटावर '१५ तारीख, ००.३०' असे लिहिले होते. घरच्यांनी १५ तारखेच्या रात्री निरोप समारंभ ठेवला. विमान मात्र १४ तारखेची मध्यरात्र उलटून अर्ध्या तासाने निघूनही गेले होते! वडिलांनी कर्ज काढून भरलेले भाडे वाया गेले. तारीख रात्री १२ वाजता बदलते, एवढेच कोणाच्या लक्षात आले नाही.

असे तिकीट हाती आले तर १४ तारखेला रात्री साडेनऊपर्यंत, म्हणजे तीन तास आधी, विमानतळावर पोहोचावे. विद्यार्थ्यांनी हे स्वतः समजून घ्यावे आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावे.