पैसे आपले, कुलूप त्यांचे

घरातल्या लग्नाची जुनी कॅसेट आणि विकत आणलेल्या सिनेमाची डीव्हीडी बहुतेक घरांत एकाच कपाटात सापडतात. कॅसेटची फीत ताणली गेली असली, चित्र फिकट झाले असले, तरी बाजारातला व्हिडिओवाला ती थोड्या पैशांत पेनड्राइव्हवर उतरवून देतो. डीव्हीडी पुढे केली की तोच माणूस मान हलवतो. ‘ही कंपनीची आहे, होत नाही’, एवढेच त्याचे उत्तर. आपण फुकट मिळवलेली नाही, चोरून आणलेली नाही, पावती देऊन घेतलेली वस्तू. आणि तिचीच नक्कल आपल्याच घरासाठी करता येत नाही. या विषयावर आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही, कारण नुकसान एकदम होत नाही. एकेक चकती बंद पडत जाते.

आमच्या कपाटातल्या बहुतेक चकत्या आखातातून आल्या. कोकणातल्या मुस्लिम घरांना हे सांगायला नको. दुबई, कुवेत, दोहाहून मामू, चाचा सुट्टीवर आले की अत्तर, खजूर आणि चॉकलेटांबरोबर मुलांसाठी एखादी डीव्हीडी असायचीच. त्यात ‘द मेसेज’ हमखास. मुस्तफा अक्काद यांनी १९७६ मध्ये हा चित्रपट दोनदा बनवला, एकदा इंग्रजीत आणि एकदा अरबीत, दोन वेगळ्या कलाकार संचांसह. इंग्रजीत हजरत हमजा यांची भूमिका अँथनी क्वीनची, अरबीत अब्दुल्ला गैस यांची. प्रेषित मुहम्मद (स.) पडद्यावर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. उमर मुख्तार यांच्यावरचा ‘लायन ऑफ द डेझर्ट’ १९८१ चा, तोही अक्काद यांचाच. अशा फिल्म्स एकदा पाहून कोणी फेकून देत नाही. थोरल्याने पाहिलेली धाकट्याला दाखवायची असते, नंतर नातवंडांना.

पण दुबईत घेतलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरमध्ये घातली की अनेकदा पडद्यावर फक्त ‘चुकीचा विभाग’ अशा अर्थाची सूचना उमटते. चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले आहेत. आखात, युरोप आणि जपान दुसऱ्या विभागात. भारत, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग पाचव्यात. माणूस विमानाने तीन तासांत दुबईहून मुंबईत येतो, त्याच्या बॅगेतली चकती मात्र परदेशीच राहते. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये हा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, नंतर तो कायमचा गोठतो. गंमत अशी की गल्लीत मिळणारा बिननावाचा स्वस्त प्लेअर यातले काहीच पाळत नाही आणि कोणतीही चकती मुकाट्याने चालवतो. नामांकित कंपनीचा महाग प्लेअर घेणारा अडकतो.

कुलपाचे कामही समजून घेण्यासारखे आहे. डीव्हीडीवरचे चित्र सांकेतिक रूपात गुंडाळून ठेवलेले असते आणि ते उलगडण्याच्या किल्ल्या चकतीच्या एका राखीव पट्ट्यात असतात. परवाना घेतलेल्या प्लेअरलाच त्या वाचता येतात. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या चकतीवर तो पट्टा आधीच भरून निकामी केलेला असतो. त्यामुळे सगळी फाइल जशीच्या तशी उतरवली तरी किल्ली मागेच राहते आणि पडद्यावर रंगीबेरंगी चौकटी नाचतात. व्हीसीडीला असले कुलूप नव्हते. चित्र डीव्हीडीइतके स्वच्छ नसायचे, एका सिनेमाला दोन-तीन चकत्या लागायच्या, मध्येच उठून बदलाव्या लागायच्या. पण ती आपली असायची.

आता चोरट्या नकलेकडे पाहा. ती कुलूप तोडूनच बाजारात येते. रस्त्यावर ती घेणाऱ्याला विभागाची अडचण नाही, नक्कल करायला अडचण नाही. चोरी करू नका अशी लांबलचक ताकीदही त्याला पाहावी लागत नाही, कारण ती आधीच कापून टाकलेली असते. ती ताकीद असते खऱ्या चकतीवर आणि रिमोटचे बटण दाबूनही पुढे सरकत नाही. म्हणजे चोरी करू नका हे ज्याने चोरी केलेली नाही त्यालाच दर वेळी ऐकवायचे! चोरट्या बाजारावर खरा इलाज एकदा आपल्याच देशात करून पाहिला गेला. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. चोरट्या मालाच्या आसपास किंमत आल्यावर अनेक घरांनी पहिल्यांदाच अस्सल चकत्या घेतल्या. ती कंपनी पुढे बुडाली, २०१८ मध्ये तिच्या दिवाळखोरीच्या विक्रीचा आदेश झाला. तिच्या कितीतरी चकत्या आजही घरोघरी आहेत.

या कुलपाला पहिला धक्का दिला तो नॉर्वेतल्या एका शाळकरी मुलाने. यॉन लेक योहानसेन याला आपल्या लिनक्स कॉम्प्युटरवर विकत घेतलेल्या डीव्हीडी पाहायच्या होत्या आणि त्यासाठी परवान्याचा प्लेअर नव्हता. १९९९ मध्ये दोन साथीदारांबरोबर त्याने कुलूप उघडणारा छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला. पुढच्या जानेवारीत पोलीस घरी आले. खटला चालला, आणि २००३ मध्ये आधी खालच्या व मग वरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. ज्याने चित्रपट विकत घेतला त्याने तो कोणत्या यंत्रावर पाहावा हे कंपनीने ठरवू नये, असाच त्या निकालाचा मथितार्थ.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हेच मुळात बेकायदा ठरवले. घरच्या वापरासाठी सूट द्यावी ही मागणी तिथे वारंवार फेटाळली गेली. आपला कायदा या बाबतीत जास्त समंजस आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५-अ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, पण कुलूप तोडण्यामागे हक्क बुडवण्याचा हेतू असला तर. कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा देते. आपल्याच घरासाठी एक नक्कल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायला पन्नास नकला, यांतला फरक कायद्याला कळतो. चकतीला कळत नाही.

निर्मात्याचा हक्क बुडवावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत लेखक व संशोधकांचा हक्क ही शरीअतने जपलेली मालमत्ता मानली आहे. पण जो हक्क विकणाऱ्याला आहे तसा घेणाऱ्यालाही आहे. विक्री म्हणायचे आणि भाड्याच्या अटी लावायच्या, हा सौदा सरळ नाही. भाडे असेल तर भाडे म्हणा, किंमतही तशीच लावा.

आता चकत्यांची दुकाने जवळजवळ गेली, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो आणि मोबाइलवर ‘खरेदी करा’ असे बटण आले. इथे तर हातात वस्तूही येत नाही. अल्ट्राव्हायोलेट नावाची डिजिटल संग्रहाची मोठी योजना ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या सोनीच्या ग्राहकांना कळवण्यात आले की एका चित्रपट कंपनीच्या, त्यांनी विकत घेतलेल्या फिल्म्स त्यांच्या खात्यातून काढल्या जातील. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की फक्त परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका. असा नियम आपल्याकडे यायला हवा, आणि त्यासाठी ग्राहक संघटनांनी बोलायला हवे. खासगी नकलेची मुभाही कागदावर न राहता चकतीवर आणि अ‍ॅपमध्ये दिसली पाहिजे.

तोवर घरातला जुना प्लेअर भंगारात देऊ नका. बंद पडला असेल तर बहुधा त्याची लेन्स धुळीने भरलेली असते आणि दुरुस्तीवाला ती साफ करून देतो. चकत्या उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. पुसताना गोल न फिरवता मधून कडेकडे पुसा. लग्नाची कॅसेट मात्र या महिन्यातच उतरवून घ्या. तिच्यावर कुणाचे कुलूप नाही आणि तिची दुसरी प्रत कुणाकडेच नाही.