विश्लेषण : चामटोलीसारख्या परिसरात घर घ्यावे का? निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा?

बदलापूर सोडले की कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून भातखाचरे, मधूनच उल्हास नदी आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले नवे टॉवर दिसतात. अंबरनाथ तालुक्यातील चामटोली याच पट्ट्यात आहे. डोंबिवली-कल्याणमध्ये वन रूम किचन परवडेनासे झालेल्या कुटुंबांना इथला वन बीएचके आवाक्यातला वाटतो. रविवारी साइट दाखवायला गाडी येते, नमुना फ्लॅट दाखवला जातो आणि टोकन घेतले जाते. घर कसे आहे हे तासाभरात कळते. परिसर कसा आहे हे मात्र त्या तासाभरात कळण्याची शक्यता फारच कमी असते.

२७ जुलै २०१९ रोजी नेमके काय घडले?

आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान, चामटोली परिसरात पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. सुमारे १,०५० प्रवासी रात्रभर डब्यांत बसून होते. सकाळी मदतीला धावून आलेल्यांत आसपासचे गावकरी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि इतर यंत्रणांच्या मदतीने दुपारपर्यंत सर्वांची सुटका झाली. त्या दिवशीची छायाचित्रे आजही शोधली की सापडतात. या पट्ट्यात घर पाहणाऱ्याने ती एकदा पाहावीत, कारण रेल्वेमार्ग हा सहसा भराव टाकून आसपासच्या जमिनीपेक्षा उंच बांधलेला असतो. रुळांवर पाणी होते तेव्हा शेजारच्या खाचरांत ते किती असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

हा पूर एकमेव नव्हता. २६ जुलै २००५ रोजी बदलापूरचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि जुलै २०२१ मध्ये नदीकाठच्या वस्त्यांत पुन्हा पाणी शिरले.

निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय?

सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यातील पट्टा निषिद्ध मानला जातो. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींसह बांधकाम होऊ शकते. जोत्याची उंची ही त्यातली मुख्य अट. उल्हास नदीच्या पूररेषांवरून बदलापूर परिसरात बराच वाद झाला आहे. रेषा नको तिथे आखल्याची बांधकाम व्यावसायिकांची तक्रार असते, तर पाण्याला रेषा कळत नाही असे पुरात सामान गमावलेल्यांचे म्हणणे.

‘२५ वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. एकदा पूर येऊन गेला म्हणजे आता २५ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के, असा तो आहे. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता गणिताने ५५ टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेच्या पुरासाठी हाच हिशेब सुमारे १८ टक्के निघतो.

‘आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. पण पाण्याचा पंप, भूमिगत टाकी, लिफ्टची यंत्रणा, वीज मीटरची खोली आणि दुचाकी हे सगळे तळमजल्यावरच असते. घरात थेंबही न येता चौथ्या मजल्यावरचे कुटुंब चार दिवस विजेविना आणि पिण्याच्या पाण्याविना राहू शकते.

हे तपासायचे कुठे आणि कसे?

सातबाऱ्यावरचा गट क्रमांक मागून घ्यावा. तो मिळाला की त्या जागेचा झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा पाहता येतो. १ मे २०१७ पासून महारेरा लागू झाल्याने प्रकल्पाची नोंदणी, मंजूर आराखडा, ताबा देण्याची तारीख आणि जागेवरचे वाद संकेतस्थळावर पाहता येतात. मात्र महारेरा क्रमांक म्हणजे परिसराच्या दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. परिसरात पाणी येते का, रस्ता होणार का, याची हमी तो क्रमांक देत नाही. प्रकल्प नगर परिषदेच्या हद्दीत येतो की ग्रामपंचायतीच्या, हेही विचारावे. कचरा कोण उचलणार आणि नळजोडणी कोण देणार हे त्यावरच ठरते.

कागदापेक्षा जुनी माणसे काही वेळा अधिक सांगतात. गावातल्या जुन्या घरांची जोती किती उंच आहेत, भिंतींवर ओलीची रेघ कुठवर आहे, टॉवरची जागा पूर्वी खाचर होती की माळ, ओहोळ कुठून वाहायचा आणि आता तो कुठे गेला, हे दूधवाल्याला किंवा शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे. पाणी साठून राहावे म्हणूनच खाचराला बांध घातलेले असतात. तिथे भराव टाकला की ते पाणी नाहीसे होत नाही, शेजारी जाते.

प्रवासाचे काय?

बदलापूर स्थानक मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे आणि पुढचे वांगणी त्यानंतर साधारण ११ किलोमीटरवर. मध्ये एकही स्थानक नाही. चामटोलीकराला म्हणूनच आधी रिक्षा किंवा दुचाकी आणि मग लोकल. शिवाय अनेक लोकल बदलापुरातच संपतात. कर्जत-खोपोलीला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. जाहिरातीत ‘स्थानकापासून दहा मिनिटे’ असे लिहिलेले असते, ती दहा मिनिटे रात्री साडेअकराला शेअर रिक्षा मिळाल्यास लागतात. न मिळाल्यास भाडे किती पडते, हे स्टँडवर विचारलेले बरे.

कासगावला स्थानक, कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो, बदलापूरजवळून जाणारा वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग ही नावे विक्रीच्या बोलण्यात हमखास येतात. बदलापूर-कर्जत तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, ही जमेची बाजू. पण मंजुरी, निविदा, भूसंपादन आणि धावणारी गाडी यांत वर्षे जातात, आणि हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. आज जे आहे तेवढ्यावर दिवस निभावतो का, एवढेच पाहावे.

पाणी, हवा आणि दवाखाना?

नदी शेजारी आहे म्हणून नळाला पाणी असतेच असे नाही. बदलापूर शहराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून पाणी देते. त्या जलवाहिनीपासून लांब असलेल्या संकुलांना कूपनलिका आणि टँकरचा आधार घ्यावा लागतो. शेजारच्या तयार सोसायटीच्या सचिवाला एप्रिल-मे महिन्याचे टँकरचे बिल विचारावे. मासिक देखभाल खर्चाचा खरा आकडा तिथे कळतो.

हवेचा अनुभव दिवसा येत नाही. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीत नोव्हेंबर २०१४ मध्ये रसायने सोडली गेल्यानंतर वायूचा त्रास होऊन शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. चामटोली वालधुनीच्या काठी नाही, पण या टापूत कुठेही घर पाहताना एक फेरी रात्री दहानंतर मारावी. दवाखान्याच्या बाबतीत जवळच्या बाह्यरुग्ण दवाखान्यावर जाऊ नये. अपरात्री प्रसूतीची किंवा हृदयविकाराची वेळ आली तर गाडी कुठे न्यायची, हा प्रश्न आहे. अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणे. बदलापूरमधून पार होऊन तिथवर जायला किती वेळ लागतो, ते गर्दीच्या वेळी मोजावे.

निर्देशांक, क्रमवारी यांचा उपयोग होतो का?

फारसा नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांचा राहणीमान सुलभता निर्देशांक जाहीर केला, त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि मुंबई तिसरी आली. ही सरासरी शहराची. गल्लीचा त्यात पत्ता नसतो. समाजमाध्यमांवरचे तारांकित अभिप्राय तर अनेकदा ताबा मिळण्याआधीचेच असतात.

मग खात्री करण्याचा मार्ग कोणता?

खर्चाला परवडत असेल तर भाड्याने राहून पाहणे. पट्ट्यातल्या अनेक तयार इमारतींत गुंतवणूकदारांचे फ्लॅट रिकामे असतात आणि घराच्या हप्त्याच्या मानाने भाडे बरेच कमी पडते. नेहमीचा ११ महिन्यांचा भाडेकरार मे महिन्यात केला तर अख्खा पावसाळा त्यात बसतो. दिवाळीत केला तर पावसाळा कराराच्या अगदी शेवटी येतो.