सौर चार्ज कंट्रोलर बॅटरीशी जुळवून घ्या

लासुर्णे, इंदापूर, बारामती परिसरात गोठ्यातील दिवे व कुंपणाचे झटका मशीन सौर बॅटरीवर चालविता येते. पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरण्याचे काम चार्ज कंट्रोलर करतो. बॅटरी बदलली की कंट्रोलरवरील बॅटरीचा प्रकारही बदलावा. अन्यथा बॅटरी अकाली निकामी होते.

१२ व्होल्ट बॅटरीसाठी चार्जिंगचे सर्वसाधारण व्होल्टेज:

१) पाण्याची ट्यूब्युलर : १४.४ ते १४.८. पाण्याची पातळी तपासून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.

२) जेल : १४.१ ते १४.४. व्होल्टेज जास्त झाल्यास वायू होऊन ओलावा उडतो. ही बॅटरी सीलबंद असल्याने तो भरून काढता येत नाही.

३) लिथियम फॉस्फेट : १४.२ ते १४.६. पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून द्यावयाचा जादा व्होल्टेजचा समतोल चार्ज हिला देऊ नये.

पहिल्या दोन प्रकारांचे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. उन्हाळ्यात बॅटरी ४० अंशांवर गेल्यास व्होल्टेज सुमारे ०.३५ ने कमी लागते. म्हणून तापमान सेन्सर असलेला कंट्रोलर घ्यावा व बॅटरी सावलीत ठेवावी.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडविताना आधी पॅनेल. बॅटरीसोबतच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा.