सुतात मोजणारा आणि शतांशात मोजणारा

आज प्रश्न असा आहे की, जुन्या पेट्रोल गाडीत विजेची मोटर बसवायची, तर मधले भाग कोण करून देणार? मोटर विकत मिळते, कंट्रोलर मिळतो. पण ती मोटर तुमच्याच गाडीच्या गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट बहुतेक वेळा करूनच घ्यावी लागते.

लोक म्हणतात, हिंगोलीत कोण करणार, पुण्याला जा. जरा थांबा. आपला जिल्हा हळदीचा. वाफेवर हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ढोल आपण रोज बघतो. हे बांधणारे, दुरुस्त करणारे फॅब्रिकेशनवालेच ना? ज्याच्या वेल्डिंगमधून वाफ निसटत नाही, त्याला बॅटरीची पेटी किंवा मोटरचं ब्रॅकेट जड नाही.

जोडप्लेटचं काम मात्र वेगळं. फॅब्रिकेशनवाला सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. पेटी अर्धा सूत इकडंतिकडं झाली तरी भागतं. मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मात्र एका रेषेत हवेत. तिथं हिशोब मिलिमीटरच्या शतांशात. फरक राहिला तरी गाडी पहिल्या दिवशी धावेल. मग थरथर सुरू होते, सील गळतं, बेअरिंग जातं. म्हणून हे काम लेथ-मिलिंगवाल्या टर्नरचं.

टर्नर चांगला की नाही, हे कसं ओळखायचं? एकच विचारा : "सेंटर कसं काढणार?" "बोल्टच्या भोकांवरून," असं उत्तर आलं तर हात जोडा आणि निघा. बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच. जाणकार माणूस डॉवेल पिनवरून जागा धरेल आणि डायल गेज लावून तपासेल.

त्याच्याकडं मोबाइलमधला फोटो नेऊ नका. गिअरबॉक्स आणि मोटरच न्या. आधी प्लायवूडचा नमुना कापून बसवून बघा, मगच ॲल्युमिनियमला हात लावा. स्प्लाइन नव्यानं पाडणं महाग पडतं. त्यापेक्षा त्याच मॉडेलची जुनी क्लचप्लेट भंगारातून आणा. तिच्या मधल्या हबला स्प्लाइन तयार असतात. तो हब कपलरला बसवता येतो. इथं मिलिंगची सोय नसेल तर ड्रॉइंग घेऊन नांदेड किंवा वाळूज गाठा. स्टिअरिंग आणि ब्रेकच्या भागांना मात्र वेल्डिंग करून घेऊ नका.

आता पैसे देण्याआधीची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी छोटी गाडी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. कौशल्य आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मंडळी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मनानं बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. रस्त्यासाठी एआयएस-१२३ प्रमाणे मान्यता मिळालेलं किट आणि आरसी बुकात नोंद लागते. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी बोट दाखवणार ते तुमच्याकडं.

म्हणून क्रम असा ठेवू : आधी आरटीओ, मग टर्नर, शेवटी वेल्डर. आता तुमचे प्रश्न घेऊ.