चिकित्सालयाचे संकेतस्थळ आणि रुग्णाची गुप्तता

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याला जो उपदेश करतात, तो आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. रोग्याच्या घरी ओळखीच्या माणसासह व अनुमती घेऊनच प्रवेश करावा, आत गेल्यावर वाणी, मन आणि बुद्धी रोग्याच्या हिताखेरीज अन्यत्र गुंतवू नये, त्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, असा त्याचा आशय. परीक्षेसाठी हा भाग पाठ करताना घर म्हणजे चार भिंतींचे घर, एवढेच आमच्या मनात होते. आज रुग्ण तीच घरातील गोष्ट मोबाईलवर टंकित करून पाठवतो. वैद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती कोठे कोठे थांबते, याची वैद्याला बहुधा कल्पना नसते. आम्हालाही नव्हती.

आमच्या चिकित्सालयाचे संकेतस्थळ एका ओळखीच्या तरुणाने तयार करून दिले. त्यावर रुग्णांनी आपली व्यथा लिहून पाठवावी यासाठी एक अर्ज होता. नाव, वय, पत्ता, मोबाईल क्रमांक, व्यवसाय, विवाहित की अविवाहित, निद्रा, मलप्रवृत्ती, रजःप्रवृत्ती, पूर्वीचे आजार, अशी जवळजवळ संपूर्ण रुग्णपत्रिकाच आम्ही हौसेने त्यात घातली होती. एके दिवशी वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी येणाऱ्या एका भगिनींनी नाडीपरीक्षा झाल्यावर हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, तुमच्या साईटवर मी जे लिहिलं, ते कोण कोण वाचतं?" त्यांच्या घरी सर्वांत मिळून एकच टॅब. त्यावर आमचे वंध्यत्वाविषयीचे पान वाचल्यापासून टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांच्या जाहिराती दिसू लागल्या होत्या, आणि त्या सासूबाईंच्या नजरेस पडल्या होत्या. चिकित्सा सुरू असल्याचे त्यांनी घरी सांगितलेले नव्हते.

"कोणी नाही, फक्त आम्ही वाचतो," हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. पण खात्री नव्हती, म्हणून चौकशी करून सांगतो असे म्हटले. चौकशीत दोन गोष्टी उघड झाल्या. अर्जाची एक प्रत आमच्याकडे आणि एक प्रत संकेतस्थळ करणाऱ्या तरुणाच्या स्वतःच्या ईमेलवर जात होती. सुरुवातीला चाचणीसाठी त्याने ती सोय केली होती व पुढे काढायची राहून गेली. दुसरी गोष्ट म्हणजे, किती लोक येतात हे मोजण्यासाठी त्याने प्रत्येक पानात एका जाहिरात कंपनीची संकेतावली घातली होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. आम्ही कधी विचारलेच नव्हते, हा दोष मात्र सर्वस्वी आमचा.

ही दुसरी गोष्ट कशी घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. कोणीही संकेतस्थळ उघडले की त्याच्या यंत्राचा आयपी पत्ता, ब्राउझरचा प्रकार, वेळ आणि पाहिलेले पान यांची नोंद सर्व्हरवर होते. पत्ता कळल्याशिवाय पान पाठवताच येत नाही, म्हणून तो सर्व्हरला कळणे अटळ आहे. त्याखेरीज संकेतस्थळ वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक लहानशी खूणचिठ्ठी ठेवू शकते. तोच वाचक पुन्हा आला की त्या चिठ्ठीवरून तो ओळखता येतो. ही चिठ्ठी आपलीच असेल तर तिचा उपयोग आपल्यापुरता राहतो. परंतु पानात जाहिरात कंपनीची संकेतावली असेल, तर पान उघडताच वाचकाचा ब्राउझर परस्पर त्या कंपनीच्या सर्व्हरलाही निरोप धाडतो. त्या निरोपात पानाचा पत्ता असतो, आणि बहुधा त्या कंपनीने पूर्वी अन्यत्र ठेवलेली खूणचिठ्ठीही. पानाच्या पत्त्यातच 'वंध्यत्व' हा शब्द असेल, तर वाचकाने एक अक्षरही न लिहिता त्याची व्यथा तिसऱ्याच्या हाती पडते. प्रत्यक्षाविना, केवळ अनुमानप्रमाणाने केलेले हे रोगनिदान आहे, आणि ते करणारा वैद्य नाही, विक्रेता आहे.

हे केवळ आमच्यासारख्या लहान ठिकाणी घडते असे नाही. अमेरिकेत मानसोपचाराचे समुपदेशन इंटरनेटवरून देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने, माहिती गुप्त राहील असे आश्वासन देऊनही, ग्राहकांचे ईमेल पत्ते व प्रश्नावलीतील आरोग्यविषयक माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी दिल्याचा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला. ते प्रकरण ७८ लाख डॉलर भरून मिटवण्यात आले.

आता कुलपाच्या चिन्हाविषयी. संकेतस्थळाच्या पत्त्यात एचटीटीपीएस असले, की सर्व काही सुरक्षित आहे असा समज आपल्या व्यवसायबंधूंमध्ये आढळतो. त्या व्यवस्थेमुळे वाचकाच्या यंत्रापासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर मजकूर सांकेतिक रूपात जातो व मध्ये कोणास वाचता येत नाही, हे खरे आहे आणि आवश्यकही आहे. परंतु सर्व्हरवर पोहोचल्यानंतर तो कोठे साठवला जातो, किती जणांकडे पासवर्ड आहे, तो किती काळ राहतो, याविषयी ते चिन्ह काहीच सांगत नाही. औषधाची बाटली सीलबंद आली, एवढ्यावरून ती नंतर कोणत्या कपाटात व कोणाच्या हाताशी ठेवली हे कळत नाही, तसेच हे.

साठवणीतील हयगय किती महागात पडते, याचे उदाहरण फिनलंडचे आहे. तेथील वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या. त्यांत उपचारकाने संभाषणानंतर लिहून ठेवलेली टिपणेही होती. २०२० मध्ये चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली. पुढे एकेका रुग्णाला स्वतंत्र ईमेल पाठवून, पैसे द्या अन्यथा तुमची टिपणे जाहीर करू, अशी धमकी दिली. २०२१ मध्ये ती संस्था दिवाळखोरीत गेली आणि २०२४ मध्ये आरोपीला कारावासाची शिक्षा झाली. पण जे बंद खोलीत विश्वासाने सांगितले होते, ते शिक्षेने परत खोलीत जात नाही. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर हल्ला होऊन कित्येक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले होते.

कायद्याची बाजूही वैद्यांनी जाणून घ्यावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यांतील मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून, लागू व्हायची आहेत. माहिती गोळा करणाऱ्यास हा कायदा 'फिड्युशियरी', म्हणजे विश्वस्त, म्हणतो. शब्द वकिली असला तरी वैद्याला तो परका वाटू नये. कोणती माहिती व कशासाठी घेत आहोत हे स्पष्ट सांगावे, संमती मोकळी व विशिष्ट असावी, ती दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. माहिती फुटल्यास संबंधित मंडळाला आणि त्या त्या व्यक्तीलाही कळवावे लागेल. सुरक्षिततेचे वाजवी उपाय न योजल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी उत्तरदायित्व विश्वस्ताचेच राहते, त्यामुळे "ते सगळे संगणकवाला पाहतो" हे उत्तर चालणार नाही.

कायद्यातील एक उदाहरण तर थेट आपल्या व्यवसायातले आहे. दूरवैद्यकाचे एक ॲप रुग्णाकडून आरोग्याच्या माहितीसाठी संमती घेते आणि त्याबरोबरच त्याच्या मोबाईलमधील दूरध्वनी क्रमांकांची यादी पाहण्याचीही. रुग्णाने दोन्हींस होकार दिला, तरी चिकित्सेसाठी त्या यादीची गरज नसल्यामुळे संमती केवळ आरोग्याच्या माहितीपुरतीच धरली जाते. हे वाचल्यावर आम्हाला आमचा लांबलचक अर्ज आठवला. भेटीची वेळ ठरवण्यासाठी रजःप्रवृत्ती कशाला विचारायची? सामनिराम ठरवण्यासाठी जे प्रश्न विचारावे लागतात, ते समोर बसवूनच विचारले पाहिजेत. लिहून आलेल्या उत्तरावरून चिकित्सा ठरवणे आम्हाला तसेही कधी पटलेले नाही.

आम्ही केलेले बदल खर्चिक नव्हते. अर्जात आता तीनच रकाने आहेत: नाव, मोबाईल क्रमांक आणि भेटीसाठी सोयीची वेळ. जाहिरात कंपनीची संकेतावली काढली. येणाऱ्यांची मोजणी सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीवरून होते, आणि आमच्या गरजेपुरती ती पुरेशी आहे. चिकित्सालयातील तिघांचा मिळून एकच पासवर्ड होता व तो टेबलावरील दिनदर्शिकेवर लिहिलेला होता, हे येथे कबूल करावे लागते. आता प्रत्येकाचा वेगळा आहे आणि साहाय्यक काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद होतो. रुग्णपत्रिका आम्ही जपून ठेवतो, पण केवळ चौकशीसाठी आलेले अर्ज भेट झाल्यावर, आणि भेट झाली नाही तर तीन महिन्यांनी, पुसून टाकतो. अर्जाखाली सोप्या मराठीत चार ओळी आहेत: आम्ही काय घेतो, कशासाठी, कोण वाचते, आणि पुसून हवे असल्यास कोणाला फोन करावा. पूर्वी तेथे कोठून तरी उतरवलेले इंग्रजी 'प्रायव्हसी पॉलिसी'चे दीर्घ पान होते. त्यातले एकही वाक्य आमच्या संकेतस्थळाला लागू नव्हते.

त्या भगिनींना पुढच्या भेटीत आम्ही जे आढळले ते सर्व सांगितले, त्या तरुणाच्या ईमेलसह. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझं जे आहे, ते आधी पुसा." तरुणाला आमच्यासमोर बसवून त्याच्या टपालपेटीतील सर्व अर्ज पुसून घेतले. साडेचार वर्षांचे अर्ज होते. त्याला दोन रविवार लागले.