वाट्या किती लागतील?

बालवाडीतले मूल एकपासून वीसपर्यंत घडाघडा म्हणते. पाहुणे आले की ते म्हणवून घेतले जाते. त्याच मुलाला 'टोपलीतले सहा बटाटे आण' असे सांगितले, तर ते ओंजळीत मावतील तेवढे घेऊन येते. घरचे म्हणतात, 'लक्ष नाही.' पहिलीत गेल्यावर 'गणितात कच्चा' असा शिक्का बसतो. आम्हांला वाटते, येथे चूक मुलाची नसून आपल्या अपेक्षेची आहे.

संख्यांची नावे ओळीने म्हणणे आणि वस्तू मोजणे ही निराळी कामे आहेत. मोजताना प्रत्येक वस्तूला एक आणि एकच नाव द्यावे लागते. शिवाय शेवटी उच्चारलेला आकडा हे शेवटच्या वस्तूचे नाव नसून सगळ्या वस्तूंची मिळून संख्या आहे, हे उमगावे लागते. हे सर्वांत अवघड. पाच वाट्या मोजून झालेल्या मुलाला 'किती झाल्या?' असे विचारून पाहा. पुष्कळदा ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते!

यावर उत्तम उपाय म्हणजे जेवणाची पाने घेणे. प्रत्येक पाटापुढे एक ताट, प्रत्येक ताटात एक वाटी. येथे आकडा माहीत असण्याची गरजच नाही. जोडी लावली की झाले. वाटी कमी पडली तर 'आजोबांना वाटी नाही' हे मुलालाच दिसते, कोणी चूक दाखवावी लागत नाही. सुरुवातीला ते एकेक वाटी आणत स्वयंपाकघरात पाच खेपा घालते. घालू द्यावे. पुढे एखाद्या दिवशी ते ताटांकडे बघून, पुटपुटत मोजून, पाचही वाट्या एकदम घेऊन येते. मोजणे कशासाठी असते, हे त्याला त्या दिवशी कळलेले असते.

मोठ्यांच्या प्रश्नांचाही मुलांवर परिणाम होतो. जाँ पियाजे यांनी १९४१ सालच्या पुस्तकात दाखवले, की सारख्याच वस्तूंच्या दोन ओळींपैकी एक पसरून लांब केली, की सहा-सात वर्षांखालील मुले तिच्यात जास्त वस्तू आहेत असे सांगतात. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मॅक्‌गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. ओळ विस्कटली ती एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने. आता कितीतरी अधिक मुलांनी 'सारख्याच' असे उत्तर दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की उत्तरही बदलायचे असणार, असा तर्क मूल करत असावे. आपले 'पुन्हा सांग बरं' त्याला असेच ऐकू येत असेल काय?

यासाठी विकतची साधने लागत नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मॉन्टेसरीची महाग साधने बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया, पाने यांवर काम भागवले. शेंगा सोलणे, मोज्यांच्या जोड्या लावणे हीही तशीच कामे आहेत.

शाळेत पोषण आहाराच्या वेळी ताटे वाटण्याचे काम बहुधा मोठ्या मुलांकडे जाते. आठवड्यातून एक दिवस ते पहिलीकडे द्यावे. रांग रखडेल, दोन-चार ताटे खाली पडतील. पण कोणाला ताट मिळाले नाही आणि आणखी किती हवीत, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे.